शूलपाणीच्या झाडीत वाट कशी शोधावी: पहिल्यांदा परिक्रमेला निघणाऱ्यांसाठी

नर्मदा परिक्रमेसाठी ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालेला परिक्रमावासी बडवानीजवळच्या राजघाटापर्यंत सहसा वाट चुकत नाही. निमाडात गावं जवळजवळ आहेत. नर्मदा दिसते किंवा निदान अर्ध्या तासाच्या अंतरावर असते, आणि चुकलात तरी शेतातून कुणीतरी हाक मारून योग्य वाटेला लावतं. राजघाट सुटला की सातपुडा थेट नर्मदेला येऊन भिडतो. तिथून गुजरातेत गोरा गावातल्या शूलपाणेश्वराच्या मंदिरापर्यंतचा पट्टा म्हणजे शूलपाणीची झाडी. हा पट्टा बडवानी, नंदुरबार आणि नर्मदा अशा तीन राज्यांतल्या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. इथे वाट दाखवणाऱ्या रंगवलेल्या बाणांच्या खुणा आहेत, पण तुटक आहेत. एका वळणावर तीन बाण दिसतील आणि पुढचे दोन तास एकही दिसणार नाही. त्यामुळे बाण शोधत चालायचं नसतं, डोंगर वाचत चालायचं असतं. बाण दिसला तर आपलं वाचन बरोबर होतं एवढंच समजायचं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्म्या चुका तिच्यापासून सुरू होतात. जुन्या परिक्रमा-वर्णनांत नर्मदेच्या काठाकाठाने जाणारी जी वाट आहे, ती आता पाण्याखाली आहे. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. सप्टेंबर २०१९मध्ये धरण पहिल्यांदा त्या पातळीपर्यंत भरलं. धरणामागे साचलेल्या पाण्याचा फुगवटा बडवानीच्याही वर पोचतो, राजघाटाचा जुना परिसरही त्यात जातो. मणिबेली, डोमखेडी, निमगव्हाण ही काठची गावं, मूळ शूलपाणेश्वराचं मंदिर आणि त्यांना जोडणारी पायवाट बुडाली. आजची वाट त्या वाटेच्या वर, डोंगराच्या कुशीतून आणि कित्येक ठिकाणी नर्मदेपासून बरीच आतून जाते. ‘मैयाचं दर्शन सुटायला नको’ म्हणून जो काठ धरायला जातो, तो दीड-दोन तासांत एखाद्या नाल्याच्या मुखाशी पोचतो. तिथे समोर फुगवट्याचं पाणी असतं आणि मागे कडा.

निघण्याआधी राजघाटावर किंवा बडवानीत

पहिला निर्णय मार्गाचा. सडकेचा मार्ग बडवानी, पानसेमल, खेतिया, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, देडियापाडा, राजपिपळा असा मोठा वळसा घालतो. तो लांब आहे, पण त्यात वाट शोधावी लागत नाही. झाडीचा मार्ग साधारण बोरखेडी, कुली, घोंगसा, भादल, भमाना, सावऱ्या दिगर, बिलगाव, धडगाव असा जातो. धडगावनंतर काठी, मोलगी, वडफळी, मग गुजरातेत कणजी, माथासर, झरवाणी आणि गोरा. धडगाव ते मोलगी ही वाट बरीचशी डांबरी रस्त्याची किंवा रस्त्याजवळची आहे. खरा कस दोन ठिकाणी लागतो. पहिला घोंगशापासून बिलगावपर्यंत, दुसरा वडफळीपासून झरवाणीपर्यंत. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना दमा आहे किंवा जे अगदी एकटे आहेत त्यांनी सडकेने जावं. परिक्रमा त्यानेही पूर्ण होते, त्यात कमीपणा काही नाही.

वर दिलेला क्रम वहीत लिहून घ्या, पण तो अंतिम समजू नका. दर वर्षी एखादा पूल होतो, एखादी दरड पडते, एखादं अन्नक्षेत्र, म्हणजे परिक्रमावासींच्या जेवणाची जागा, पलीकडच्या पाड्यावर जातं. प्रत्येक मुक्कामी सेवा करणाऱ्यांना फक्त पुढच्या दोन मुक्कामांची चौकशी करावी. नावं कोणती, मध्ये पाडे कोणते, नाले किती, पाणी कुठे, शेवटचं घर कुठे, एवढं विचारून वहीच्या एका पानावर उतरवावं. चार मुक्काम पुढचं विचारलं तर ऐकीव उत्तर मिळतं.

फोनमधला नकाशा बडवानीतच उतरवून ठेवा, कारण आत रेंज नाही म्हणून समजावं. उपग्रहाकडून जागा कळायला रेंज लागत नाही, त्यामुळे विमान मोडवर ठेवलेला फोनही तुम्ही कुठे आहात ते दाखवतो. मात्र नकाशाने काढून दिलेला रस्ता डोळे मिटून घेऊ नका. नर्मदा ओलांडायची नाही हा परिक्रमेचा नियम त्याला माहीत नसतो. जवळ पडतं म्हणून तो तुम्हाला पुलावरून नर्मदेपार नेईल, किंवा बुडालेल्या कच्च्या रस्त्यावर पाठवील. त्याचा उपयोग एवढाच की उपग्रह-चित्रात पाण्याची कड, डोंगराची धार आणि घरांचे ठिपके पाहून ठेवायचे आणि मुक्कामाच्या गावांवर खुणा करायच्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्याहून चांगले, त्यांत समोच्च रेषांवरून खिंड ओळखता येते. पण जुन्या आवृत्तीत बुडालेली गावं अजून काठावर दाखवलेली असतात, हे ध्यानात ठेवा.

सामान हलकं. पाठीवर ७-८ किलोंपेक्षा जास्त नको, त्यात २ लिटर पाणी धरून. शिट्टी, डोक्याला बांधायचा टॉर्च, काडेपेटी, मीठ-साखरेच्या पुड्या, गूळ-शेंगदाणे आणि हातात काठी. काठी फक्त टेकायला नसते. गवतात पुढे आपटत गेलं की साप बाजूला होतात, आणि गाळात पाय टाकण्याआधी खोली काठीनेच बघायची असते.

दिशा हातात ठेवणं

परिक्रमेत नर्मदा कायम उजव्या हाताला. दक्षिण तटाने पश्चिमेला जाताना उजवीकडे उत्तर येते. नदी दिसत नसली तरी या एका वाक्यावरून दिवसभर दिशा तपासता येते.

सकाळी सूर्य पाठीशी, संध्याकाळी तोंडावर. हिवाळ्यात तो नेमका पूर्वेला उगवत नाही, आग्नेयेकडे सरकलेला असतो, म्हणून सकाळी ऊन पाठीच्या डाव्या बाजूला लागतं आणि संध्याकाळी डाव्या गालावर. दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली बरोबर उत्तरेला पडते, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला, नर्मदेकडे. मार्गशीर्ष-पौषात ती जवळजवळ तुमच्या उंचीएवढी असते, त्यामुळे दिशा स्पष्ट कळते. दुपारी सावली डावीकडे पडताना दिसली तर तुम्ही उलटे चालला आहात. वळणावळणाच्या वाटेवर असं घडतं, आणि ढगाळ दिवशी तर माणसाला पत्ताही लागत नाही. रात्री ध्रुवतारा पाहून घ्यावा. या अक्षांशावर तो क्षितिजापासून सुमारे २२ अंश वर असतो. हात ताणून मूठ धरली तर एकावर एक दोन मुठींच्या किंचित वर. मुक्कामी अंगणात काठी त्या दिशेला आडवी ठेवून झोपलं, की सकाळी धुक्यातही उत्तर कुठे ते समजतं.

दुसरी खूण पाण्याची. सातपुड्याच्या या उतारावरचे सगळे मोठे ओढे नर्मदेला मिळतात, म्हणून पश्चिमेला जाताना ते डावीकडून उजवीकडे वाहतात. ओढा कोरडा असेल तर मोठ्या धोंड्यांकडे बघा. पुराने आणलेला पाला, काटक्या, चिंध्या धोंड्याच्या ज्या बाजूला अडकल्या असतील ती पाण्याची येण्याची बाजू. ती बाजू तुमच्या डावीकडे हवी. एखादा छोटा नाला वळण घेऊन उलटा वाहताना दिसतो, त्याने गोंधळू नका. पण मोठी दरीच डावीकडे उतरताना दिसली, तर पाणलोट ओलांडून तुम्ही तापीच्या बाजूला उतरत असण्याची शक्यता आहे. तिथे पुढे जाऊ नका, परत फिरा.

तिसरी खूण डोंगराच्या ठेवणीची. ओढे दक्षिणोत्तर आहेत, म्हणून त्यांच्यामधल्या धाराही दक्षिणोत्तर. तुम्हाला जायचंय पश्चिमेला, म्हणजे प्रत्येक धार आडवी ओलांडायची. सगळा मार्ग चढ, खिंड, उतार, नाला, पुन्हा चढ असाच आहे. नाल्यात उभं राहून समोरच्या धारेकडे बघा आणि सर्वांत खालची खाच शोधा. वापरातली वाट बहुतेक वेळा त्या खाचेकडेच जाते. विजेच्या तारा मात्र धरू नका. त्या सरळ रेषेत कड्यावरूनही जातात, माणसाला तसं जाता येत नाही.

वाटांतली वाट

झाडीत वाटा कमी नाहीत, उलट फार आहेत. चूक होते ती यामुळे. एका फाट्यावर चार वाटा फुटतात आणि चारही मळलेल्या दिसतात. त्यांतली एक गावाला जाते, एक पाणवठ्याला, एक लाकूडफाट्याला आणि एक गुरांची असते.

गुरांची वाट रुंद आणि फसवी. ती पुढे जाऊन पाच-सहा ठिकाणी फुटते आणि झुडपात विरते. ती ओळखायची तर खाली बघण्याऐवजी वर बघा. गुरांच्या वाटेवर कमरेपर्यंत झुडपं खाल्लेली, तुडवलेली असतात, पण माणसाच्या डोक्याच्या उंचीवर फांद्या जशाच्या तशा आडव्या आलेल्या असतात. माणसांच्या वाटेवर डोक्यावर मोळी, हंडा किंवा धान्याचं गाठोडं घेऊन बायामाणसं जातात, म्हणून तिथे छातीपासून डोक्याच्या वरपर्यंतच्या फांद्या मोडलेल्या किंवा कोयत्याने छाटलेल्या असतात. छाट जुनी असली तरी चालते. तिरप्या छाटीची फांदी दिसली म्हणजे माणूस इथून जाणं-येणं करतो.

लाकडाची वाट चढत जाते आणि ताज्या खुंटांच्या टापूत संपते. पाण्याची वाट घरापासून सुरू होऊन थेट खाली उतरते, दोन्ही बाजूंना सांडलेल्या पाण्याने तिच्यावर माती चिकट झालेली असते. गावाकडून गावाकडे जाणारी वाट उतार सांभाळून जाते. ती एकदम पडत नाही आणि एकदम चढत नाही. तिच्यावरचे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेले असतात. विडीची थोटकं, गुटख्याच्या पुड्या, बिस्किटाचे कागद हे पाहून वाईट वाटतं, पण वाट शोधणाऱ्याला त्यांचा आधार असतो. मोटारसायकलच्या टायरचा माग असला तर ती वाट नक्की कुठल्यातरी पाड्यावर जाते, कारण इथली मुलं अचाट ठिकाणी गाडी घालतात. फक्त तो पाडा तुमच्या मार्गावरचा आहे की नाही, हा प्रश्न उरतो.

परिक्रमावासींची स्वतःची एक खूण आहे आणि ती बाणापेक्षा भरवशाची. मऊ मातीत पावलांच्या शेजारी, दोन-तीन पावलांआड एक, अशी काठीच्या टोकाची गोल भोकं पडत जातात. इथले लोक चालताना काठी अशी टेकत नाहीत. नाल्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, जिथे माती ओलसर असते तिथे वाकून बघा. पावलं एकाच दिशेने गेलेली दिसतील, कारण परिक्रमेत कुणी परत फिरत नाही. गावकऱ्यांच्या वाटेवर मात्र येणारी-जाणारी दोन्ही पावलं असतात.

ऋतूप्रमाणे हे वाचन बदलतं. देवउठनी एकादशीनंतर निघालेले लोक कार्तिक-मार्गशीर्षात इथे पोचतात. तेव्हा गवत कमरेएवढं असतं आणि वाट दिसत नाही, पण गवताची झुकलेली रेघ दिसते. ती तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर किंवा चारनंतर चांगली कळते. शेतात तूर-ज्वारी उभी असते, त्यामुळे नेहमीची वाट काट्याच्या कुंपणाने अडवलेली सापडते. ते कुंपण तोडायचं नाही. बांधाने वळसा घालायचा आणि शेताच्या पलीकडच्या कोपऱ्यात वाट परत पकडायची. माघानंतर सागाची पानगळ होते. पंख्याएवढी पानं वाटेवर चार बोटं साचतात आणि सगळं रान एकसारखं तपकिरी दिसतं. तिथे उभं राहून चालणार नाही, खाली बसा. आजूबाजूची पानं अख्खी, वाळून वाकलेली असतात. वाटेवरची पानं तुटून त्यांचा चुरा झालेला असतो आणि तो दबून बसलेला असतो. तो चुऱ्याचा पट्टा पंधरा-वीस फूट पुढपर्यंत नजरेने ओढायचा, तिथपर्यंत जायचं, पुन्हा बसायचं. वेळ लागतो, पण वाट सुटत नाही. फाल्गुनात मोहाखालची जमीन जाळून साफ केलेली असते, तिथेही माग पुसला जातो. मोह वेचण्याच्या दिवसांत भल्या पहाटे मोहाच्या झाडांखालून एकट्याने जाऊ नये, अस्वलं त्याच वेळी फुलं खायला येतात.

खुणा: कोणत्या खऱ्या, कोणत्या नाहीत

चुन्याचा किंवा पिवळ्या-भगव्या तेलरंगाचा बाण, बाजूला ‘नर्मदे हर’ किंवा ‘ॐ’, ही परिक्रमेची खूण. काही ठिकाणी बांबूवर छोटा भगवा झेंडा असतो. बाण पाहिला की लगेच चालू लागू नका. तो ज्या दगडावर आहे तो दगड रुतलेला आहे का ते पाहा. पावसाळ्यात सुटे दगड घरंगळतात आणि बाण भलतीकडे वळतो. झाडावरचा बाण त्या मानाने पक्का. अन्नक्षेत्राकडे नेणारे बाणही असतात. त्यांच्या शेजारी आश्रमाचं नाव असतं आणि ते मुख्य वाटेपासून फुटून आत जातात. जेवण झालं की पुन्हा फाट्यावर येऊन मुख्य वाट धरायची, आश्रमामागून दिसणारी वाट धरायची नाही.

रंगाच्या आणखी खुणा दिसतील. वनखात्याचे क्रमांक झाडांना आणि सीमेच्या दगडांना घातलेले असतात. बुडीत पातळीच्या मोजणीचे आकडे दगडांवर असतात. यांचा वाटेशी काही संबंध नाही.

दगडांची रास दिसली म्हणून ती वाटेची खूण मानू नका, आणि तिच्यावर आपला दगडही ठेवू नका. ती शेताची हद्द असेल किंवा देवाचं ठाणं असेल. कोरलेला, रंगवलेला उभा दगड हा गाता असतो, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला. झाडाला बांधलेल्या चिंध्या नवसाच्या असतात. या सगळ्यांना हात न लावता पुढे जायचं. याच कारणासाठी आपण नव्या खुणा करतानाही जपावं. मागून येणाऱ्यांसाठी चुकीच्या फाट्यावर आडवी फांदी टाकणं पुरेसं आहे. झाडांची साल तासणं, चिंध्या बांधणं नको.

सर्वांत पक्की खूण म्हणजे शाळेची भिंत. महाराष्ट्रात ‘जिल्हा परिषद शाळा’, खाली गाव, तालुका धडगाव किंवा अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार असं लिहिलेलं असतं. मध्य प्रदेशात हिंदीत ‘शासकीय प्राथमिक शाला’ आणि गुजरातेत गुजराती लिपीत. भिंत वाचली की गाव कळतं आणि राज्यही कळतं. राज्यांच्या हद्दीवर पाटी असेलच असं नाही.

पाडा, फळिया आणि विचारण्याची रीत

मैदानातल्या गावासारखं एकवटलेलं गाव इथे नाही. एक गाव म्हणजे पाच-सात पाडे, प्रत्येक पाडा वेगळ्या टेकडीवर, आणि पाड्यातली घरंही आपापल्या शेतात सुटी. मध्य प्रदेश-गुजरातेत यालाच फळिया म्हणतात. त्यामुळे ‘भादल आलं का?’ याला ‘आलं’ असं उत्तर मिळालं, तरी तुमचा मुक्काम अजून दोन धारा पलीकडे असू शकतो. गावाचं नाव न विचारता पाड्याचं नाव विचारा, किंवा ‘परिक्रमावाले जिथे थांबतात ते घर’ असं विचारा.

विचारताना प्रश्न असा करावा की ‘हो’ म्हणून सुटता येणार नाही. ‘ही वाट बिलगावला जाते ना?’ असं विचारलं, तर समोरचा माणूस पाहुण्याचं मन मोडायला नको म्हणून किंवा भाषा नीट न कळल्याने ‘हो’ म्हणतो. ‘बिलगावची वाट कुठली?’ असं विचारा आणि हात कुठे जातो ते बघा. तो शब्दांपेक्षा हाताने जास्त सांगतो. मग त्या दिशेची एक ठळक गोष्ट विचारून घ्या. मोठं झाड, घराचं पत्र्याचं छप्पर, हातपंप, काहीही. अंतर किलोमीटरमध्ये विचारून उपयोग नाही. ‘इथंच आहे’ म्हणजे इथल्या पायांसाठी इथंच, तुम्हाला त्याला तास लागेल. ‘आत्ता निघालो तर सूर्य कुठे असताना पोचेन?’ असं विचारलं तर अंदाज बरा येतो. त्यातही पाठीवर ओझं असलेल्या माणसाने दीडपट वेळ धरावा.

फाट्यावर पुढच्या पाड्याचं नाव विचारायचं, गोऱ्याचं किंवा धडगावचं नाही. दूरचं नाव घेतलं की माणसं तुम्हाला सडकेकडे पाठवतात. त्यांच्या दृष्टीने धडगावला जायचं म्हणजे जीपने जायचं. ‘पायवाट’ किंवा हिंदीत ‘पैदल रास्ता’ हा शब्द आवर्जून वापरा.

इथल्या घरांत भिली, पावरी, बारेली बोलतात. मध्य प्रदेशाच्या बाजूला हिंदी चालते, नंदुरबारच्या बाजूला आश्रमशाळेत शिकलेल्या मुलांशी मराठीतून छान बोलता येतं, गुजरातेत हिंदी किंवा गुजराती. शाळकरी मुलांना विचारणं सर्वांत चांगलं, त्यांना सगळ्या वाटा पाठ असतात. घरापाशी आलात की अंगणाबाहेर थांबून मोठ्याने ‘नर्मदे हर’ म्हणा, कुत्रं आवरलं की पुढे व्हा. पुरुषांना दादा, बायकांना बाई किंवा ताई, गुजरातेत बेन. परिक्रमावासी इथल्या भिल्लांना ‘मामा’ म्हणत आले आहेत, आणि ते परिक्रमावासींना लुटत अशी जुन्या वर्णनांची ख्याती आहे. आज याच लोकांच्या ओसरीवर परिक्रमावासी झोपतात आणि त्यांच्या घरची भाकर खातात. त्यांच्याकडे संशयाने बघत वाट विचारणाऱ्याला कुणी नीट वाट दाखवणार नाही, आणि तो संशय त्यांच्या वाट्याला यावा असं त्यांनी काही केलेलंही नाही.

आठवडी बाजाराचा दिवस कोणता ते आधीच्या मुक्कामी विचारून ठेवा. त्या दिवशी सकाळी सगळ्या पाड्यांवरून माणसं बाजाराच्या गावाकडे निघतात आणि दुपारनंतर परततात. धडगाव किंवा मोलगीकडे जायचं असेल तर अशा दिवशी वाट चुकणं जवळजवळ अशक्य. उलट होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत पाडेच्या पाडे रिकामे असतात आणि वाट सांगायला म्हातारी माणसंही सापडत नाहीत.

नाले, फुगवटा आणि गाळ

मोठ्या नाल्याशी आलात आणि उजवीकडे फुगवट्याचं पाणी दिसलं, तर डावीकडे, म्हणजे नाल्याच्या वरच्या अंगाला वळायचं. पाणी संपून दगड उघडे होईपर्यंत वर जायचं, नाला ओलांडायचा आणि पलीकडच्या काठाने समोरच्या खिंडीची वाट पकडायची. नाला ओलांडल्यावर लगेच वाट दिसली नाही तर दोन्ही बाजूंना शंभर-शंभर पावलं जाऊन बघा. नाल्यात वाटा जवळपास नेहमीच तुटतात, कारण दर पावसाळ्यात पूर ती पुसतो आणि लोक नवीन उतार पाडतात.

फुगवटा पावसाळा संपताना सर्वांत वर असतो आणि उन्हाळ्याकडे उतरत जातो. उतरताना मागे गाळ सोडतो. वरून भेगाळलेला, कोरडा दिसणारा हा गाळ खाली ओला असतो आणि गुडघ्यापर्यंत, कधी त्याहून जास्त पाय घेतो. त्यावर गुरांच्या खुरांचे उथळ ठसे असतील तर तो भार सोसतो. ठसे खोल असतील किंवा मुळीच नसतील तर त्यावरून जाऊ नका. जवळची वाट म्हणून गाळ तुडवणं हे या पट्ट्यातलं सर्वांत वाईट धाडस आहे.

नाल्याच्या मुखात शिरलेलं पाणी नावेने पार करावं का, यावर परिक्रमावासींत एकमत नाही. उपनदी ओलांडायला मनाई नाही, पण फुगवट्याचं पाणी नर्मदेचंच आहे असं मानणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी संकल्प दिला त्यांच्याकडून हे निघण्याआधीच समजून घ्यावं. काठावर दमून उभं असताना हा निर्णय नीट होत नाही.

वाट सुटलीच तर

वीस मिनिटांत एकही पक्की खूण दिसली नाही, म्हणजे छाटलेली फांदी नाही, पाऊल नाही, काठीचं भोक नाही, तर वाट सुटली आहे असं धरा. ‘अजून थोडं पुढे बघू’ यानेच माणूस अडकतो. मग या क्रमाने वागा.

१. थांबा, ओझं खाली ठेवा, पाणी प्या. सगळे एकत्र आहेत ना ते मोजा.
२. पाच मिनिटं गप्प बसून ऐका. कोंबडा, कुत्रं, गुरांच्या घंटा, पिठाची गिरणी, मोटारसायकल. सकाळ-संध्याकाळ धूर शोधा.
३. काही कळलं नाही तर आलेल्या वाटेने शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत परत जा. अंदाजाने तिरपं कापत जाऊ नका.
४. तिथून एकाने ओझं न घेता एकेक फाटा दहा मिनिटं जाऊन बघावा आणि परत यावं. बाकीच्यांनी हलायचं नाही. शिट्टीचे तीन आवाज म्हणजे ‘इकडे या’, एवढं आधी ठरवून ठेवा.
५. वाट मिळत नसेल तर धारेवर चढा, नाल्यात उतरू नका.

शेवटच्या मुद्द्याचं कारण सांगायला हवं. ‘पाण्याच्या दिशेने गेलं की नर्मदा येईल’ हे खरं आहे, पण या डोंगरातले नाले सरळ उतरत नाहीत. मध्ये पंधरा-वीस फुटांचे कोरडे धबधबे लागतात. एक कसाबसा उतरता येतो, दुसरा येत नाही, आणि पहिला परत चढता येत नाही. धारेवरून घरं दिसतात, धूर दिसतो, तुमची हाक दूर जाते, फोनला चुकून रेंजही मिळते.

दुपारी तीननंतर शेवटच्या पाड्यावरून पुढच्या रानात शिरू नका. पौषात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दऱ्यांत पाचलाच अंधारून येतं. ज्या घरापाशी असाल तिथेच आसन, म्हणजे रात्रीपुरती जागा, मागा. नाही म्हणत नाहीत. शिधा स्वतःजवळचा थोडा असू द्या, कारण त्या घरात तुमच्यासाठी रांधायचं म्हणजे त्यांच्या साठ्यातून जातं. अंधारात अडकलातच तर चालत राहू नका. सपाट, वाऱ्याआडची जागा बघून तिथेच बसून रात्र काढावी, पाला साफ करून, आग पसरणार नाही अशी छोटी शेकोटी करून. वाळलेल्या गवतात मात्र काडीसुद्धा ओढू नये.

चार जणांच्या गटात पुढचा वाट बघतो आणि मागचा माणसं. फाटा आला की पुढच्याने शेवटचा दिसेपर्यंत थांबायचं. वाट चुकण्याचे निम्मे प्रसंग असे असतात की पुढचा बरोबर गेलेला असतो आणि मागचा त्याला गाठायच्या घाईत भलत्या फाट्याला लागलेला असतो.

गोऱ्याला पोचताना

माथासरनंतर शूलपाणेश्वर अभयारण्याचं दाट रान आहे. तिथे दिवसाउजेडीच, आणि शक्यतो कुणा गावकऱ्याच्या सोबतीने उतरावं. सोबत आलेल्याला त्याच्या दिवसाच्या मजुरीएवढे पैसे द्यावेत, त्याने मागितले नाहीत तरी. झरवाणीपासून रस्ता रुंद होतो आणि उघड्यावर आलं की १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा लांबून दिसायला लागतो. तो दिसला म्हणजे दिशेची काळजी संपली. गोऱ्याला शूलपाणेश्वराचं नवं मंदिर आहे. इथे एकच गोष्ट सांभाळायची. जवळच नर्मदेवर पूल आहे, पर्यटकांची वाहनं आणि पाट्या त्याच्याकडे वळतात, आणि बरेच दिवस रानात काढलेला माणूस पाट्यांच्या मागे सहज जातो. पुलावर पाऊल ठेवायचं नाही. मंदिरापासून दक्षिण तटानेच रामपुरा, मांगरोळची वाट विचारून घ्यावी. धरण मागे पडल्यामुळे इथून नर्मदा पुन्हा उजव्या हाताला दिसणारी असते.